ऐनाच्या सालीचा वास

माझ्या विषयाकडे मुलं आपणहून येत नाहीत. मराठीच्या जागा भरल्या, इतिहास भरला, भूगोलाच्या सरांनी हाकलून दिलं, की उरलीसुरली माझ्या वर्गात येऊन टेकतात. आरमोरीच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते. पहिल्या दिवशी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, हे भजन-कीर्तनाचं हाय का?" नाही म्हटलं की अर्ध्या वर्गाचा हिरमोड होतो आणि उरलेला अर्धा डुलक्या घ्यायला मोकळा होतो.

त्यांना जागं करायला माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न आहे. "आज संध्याकाळी तुमच्या गावची बस येणार, हे तुम्हाला माहीत आहे, की नुसतं वाटतं?" बस म्हटलं की सगळे ताठ बसतात, कारण बस हा आमच्याकडे जिव्हाळ्याचा आणि भांडणाचा विषय आहे. कुणी म्हणतं, माहीत हाय. कुणी म्हणतं, काल आली नाई, मंग कसं माहीत? आणि मग मी खडू घेते. वाटणं आणि माहीत असणं यांत फरक काय, एवढाच आमच्या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे. जुनं उत्तर सोपं होतं. एखादी गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं म्हणायचं असेल तर ती तुम्हाला मनापासून पटलेली हवी, ती खरी हवी आणि तसं मानायला तुमच्याजवळ चांगला आधार हवा. पटणं, खरेपणा, आधार. तिन्ही जमलं की झालं ज्ञान. मुलं वहीत लिहून घेतात आणि हुश्श करतात.

मग मी त्यांचं हुश्श काढून घेते. म्हणते, समजा एक मुलगी स्टँडवर उभी आहे. समोरच्या बसला गडचिरोलीची पाटी आहे. ती म्हणते, ही गडचिरोलीला जाणार, आणि चढते. पण ती पाटी कालची होती. कंडक्टर बदलायला विसरला. आज ती बस दुसरीकडेच जायची होती. मात्र ऐनवेळी डेपोतून निरोप आला आणि ड्रायव्हरनं गाडी गडचिरोलीकडेच वळवली. मुलगी बरोबर पोचली. तिला पटलं होतं, ते खरंही निघालं आणि पाटीसारखा आधारही होता. मग तिला माहीत होतं का?

मग एकेक जण म्हणतो, नाई मॅडम, तिचं नशीब. बस्स. गेल्या शतकाच्या मध्यावर एका परदेशी अध्यापकानं अशाच तऱ्हेचे दाखले देत अगदी छोटा लेख लिहिला आणि ते जुनं उत्तर मोडून पडलं. तेव्हापासून जगभरची शहाणी माणसं ते सांधत बसली आहेत. आजचं ज्ञानशास्त्र म्हणजे बरंचसं हे सांधकाम. नशीब आणि ज्ञान यांच्यामधलं कुंपण नेमकं कुठे घालायचं, याचा वाद.

हा धडा मी कितीतरी वर्षं हसतखेळत शिकवला. आई गेल्यापासून तो मला हसतखेळत शिकवता येत नाही.

आम्ही ढिवर. बाबा अजून तलावावर मासे धरतात, आई ते टोपलीत घेऊन बाजारात बसायची. जाळी आता सगळ्यांची नायलॉनची झाली, पण काठाची दोरी बाबा सुताचीच वळतात आणि ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढतात. पाण्यात ती लवकर कुजत नाही म्हणतात. आमच्या गावात हा खटाटोप करणारे ते एकटेच उरलेत. त्या सालीचा तुरट वास, त्यात तलावाचा गाळ आणि मासळी, असा मिळून एक वास बाबांच्या अंगाला कायमचा बसलेला आहे. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आईला तो वास म्हणजे दारावरची कडी वाजल्यासारखा होता. चुलीकडे तोंड करून बसलेली असली तरी ती मागं न पाहता म्हणायची, "आले तुहे बाबा." आम्ही बाहेर पाहावं तर बाबा अजून कुंपणाच्या पलीकडे. त्यात ती कधी चुकल्याचं मला आठवत नाही. आम्ही तिला चिडवायचो, तुझं नाक पोलिसात द्यायला पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात तिची मूत्रपिंडं थकली. तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, वरच्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात. मी तिच्याजवळ असायची आणि बाबा खाली झाडाखाली, दवाखान्याच्या आवारात, बाकीच्या नवऱ्यांबरोबर. आत जायचा पास एका पेशंटमागे एकच, आणि तो माझ्याजवळ. दिवसातून एकदा मी खाली जायची आणि बाबांना पास द्यायची. ते वर येऊन आईचा हात धरून बसायचे. आईचे हात जन्मभर ओल्या मासळीत राहून कायम गार असायचे. बाबा तिला एरवी म्हणायचे, "तुहा हात हाय का रोहू हाय?" तापानं ते हात आता गरम झाले होते आणि बाबांना ते नवीन वाटायचं. पुन्हा पुन्हा चाचपून पाहायचे.

तेवढ्यात तलावाचा दिवस आला. पाणी उतरलं की सगळी वस्ती मिळून एकदाच मोठं जाळं ओढते आणि त्याला प्रत्येक घरचा माणूस लागतो. बाबा जायला तयार नव्हते. आईनंच पाठवलं. "जा तुमी. मी का पळून चालली इथून?" बाबा गेले. जाताना पायरीवरून परत फिरले आणि मला म्हणाले, "काई वाटलं तर फोन कर बाई." त्यांच्याजवळ मोबाईल नाही. फोन करायचा तो शेजारच्या काकूंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरच्यांना बोलावून घ्या. मी काकूंना फोन केला. काकूंनी पोराला तलावावर पिटाळलं आणि बाबा पाण्यातून बाहेर आले ते तसेच निघाले. एवढं मला कळलं. त्यानंतर ते कुठे आहेत, काय मिळालं, कसे येताहेत, कळायला काही मार्ग नव्हता.

दुपारी कूलरच्या घरघरीत वॉर्ड पेंगला होता. आईनं सकाळपासून डोळे उघडले नव्हते. शेजारच्या खाटेवर एक बाई नुकतीच आणून टाकली होती आणि तिच्या उशाशी तिचा नवरा स्टुलावर बसून दोरी वळत होता. आमच्याकडची माणसं रिकामी बसत नाहीत. नर्स त्याला एकदा ओरडून गेली होती, तरी त्याची बोटं चालूच होती. मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

आणि आई म्हणाली, "आले तुहे बाबा."

स्पष्ट म्हणाली. डोळे मिटलेलेच. नाक मात्र थोडं वर उचललेलं, चुलीजवळ बसल्यावर असायचं तसं. मी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग मलाही तो वास आला. ऐनाची साल. मी वळून पाहिलं तर शेजारच्या माणसाच्या मांडीवरची दोरी तांबूस होती, ताज्या काढ्यातून काढलेली, अजून ओलसर. कुठल्यातरी नदीकाठचा माणूस होता. त्याच्याही गावात एखादाच उरला असेल असा खटाटोप करणारा. तो नेमका त्याच दिवशी, त्याच वॉर्डात, आमच्या शेजारच्या खाटेजवळ यावा, हे कुणाच्या डोक्यात येणार?

आईच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान मला बघवेना. मी म्हटलं, "थांब आई, पाहून येते," आणि बाहेरच्या व्हरांड्यात धावले. आत फोनला रेंज नव्हती. काकू म्हणाल्या, "केव्हाचेच निघाले वो, आतापर्यंत पोचाले पायजे." मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. तिथून गेट दिसत नाही. मी परत आले तेव्हा नर्स आईजवळ उभी होती आणि पडदा ओढत होती. शेजारचा माणूस आपल्या बायकोकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभा होता.

काही मिनिटांपुरती मी बाहेर गेले आणि आई एकटी गेली. एवढंच माझ्या डोक्यात घुमत राहिलं.

कागदावर सही करायला मी खाली उतरले तर गेटाच्या बाहेर, भिंतीला टेकून बाबा बसले होते. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, पायात काही नाही, शेजारी ओलं जाळं भरलेलं पोतं. मला पाहून उठले. गार्ड त्यांना म्हणाला, "आता कसा उठला? मघापासून सांगून राह्यलो, विकाले बसू नको इथी." बाबांनी त्याला सांगितलं होतं, माही बायको हाय वर. गार्डनं विचारलं होतं, पास दाखव. नव्हता. मग तो म्हणाला होता, "सारेच म्हंतेत माही बायको हाय." त्यानं बाबांना वरून खालपर्यंत पाहिलं होतं, नाकाला रुमाल लावला होता आणि ठरवून टाकलं होतं की हा माणूस मासोळी विकायला आलाय.

म्हणजे आई "आले" म्हणाली तेव्हा बाबा खरंच आले होते. गेटावर बसले होते. तिचं खरं निघालं होतं.

मी त्यांना वर नेलं. त्यांनी पडदा सारला, आईचा हात हातात घेतला, चाचपला आणि म्हणाले, "थंडा पडला बाई." नंतर कितीतरी वेळ त्यांनी तो सोडला नाही. दोन्ही तळव्यांत घेऊन चोळत राहिले. शेजारची खाट तोवर रिकामी झाली होती, त्या बाईला दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं.

गावात मी बायकांना सांगितलं, शेवटी म्हणाली, आले तुझे बाबा. काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि ते गावभर झालं. मन मनाला ओळखतं, तिला बरोबर समजलं, तुझे बाबा गेटावर होते ना तेव्हा! तेराव्याला जेवायला बसलेल्या पाहुण्यांनाही काकूंनी वाढता वाढता ते सांगितलं. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मी दोरीबद्दल कुणाला बोलले नाही. मला कुणी विचारलंही नाही.

पण बाबा विचारायला लागले. शनिवारी मी घरी गेले की दिवेलागणीला अंगणात बसून ते हमखास म्हणायचे, "तिले मालूम होतं ना बाई, मी आलो म्हणून?" मी म्हणायची, "ती म्हणाली ना, आले." त्यावर ते मान हलवायचे. मग जरा वेळानं पुन्हा, "नाई, पण मालूम होतं ना?"

जन्मभर पाण्याकडे पाहून मासळी कुठे आहे ते सांगणारा हा माणूस. म्हटलेलं आणि माहीत असलेलं यांतला फरक त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांना तेवढं एकच हवं होतं. आपण शेवटी तिच्याजवळ नव्हतो, पण आपण आलोय हे कळून ती गेली, एवढ्यावर त्यांचा दिवस ढकलला जात होता. आणि मला ते विचारायचे, जिला याच प्रश्नासाठी पगार मिळतो.

जुलैत कॉलेज सुरू झालं. तो धडा आला. बसची पाटी सांगून झाली आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, अजून एक दाखला देते. एक बाई होती. तिच्या नवऱ्याच्या अंगाला एक वास होता. आणि सगळं सांगितलं, फक्त ती बाई माझी कोण हे सोडून.

मग वाद सुरू झाला आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास होता, हे सांगताना मला माझीच चीड येते. मी त्यांना एकेक पंथ समजावून दिला. काही जण म्हणतात, तुमच्या आधारात एकही खोटी पायरी नको. बाईची पायरी होती, हा वास नवऱ्याचा आहे. खोटी. बाई बाद. दुसरे म्हणतात, आधारबिधार सोडा, ज्या वाटेनं तुम्ही गोष्टीपर्यंत पोचता ती वाट भरवशाची हवी. एक मुलगा उठला, "मॅडम, तिचं नाक तर पक्कं होतं ना! कधीच चुकलं नाई." मी म्हटलं, घरी पक्कं होतं. तिथे दुसरा दोरीवाला नव्हता. नाक तेच, जागा बदलली. पायली तीच, पण धान्य ओलं असलं तर मापाला काय अर्थ? तिसरे विचारतात, जरासं इकडचं तिकडं झालं असतं तर ती चुकली असती का? नवऱ्याची गाडी वाटेत पंक्चर झाली असती तरी बाई "आले" म्हणालीच असती. म्हणजे नशीब. म्हणजे ज्ञान नाही.

ज्या दारातून आत जाऊ पाहावं ते दार बंद. ज्या शास्त्राची भाकर खाते त्यानं माझ्या आईला नापास केलं, तेही माझ्याच हातच्या खडूनं.

मग मी गार्डकडे वळले, कारण अलीकडे आमच्या शास्त्रात त्याचीही चर्चा होते. ज्ञान बऱ्याचदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून येतं. आपला जन्म कधी झाला हेसुद्धा आपल्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. मग कुणाचं सांगणं ऐकायचं आणि कुणाचं उडवून लावायचं, यातही न्याय-अन्याय असतो. खरं बोलणाऱ्या माणसाला केवळ त्याच्या कपड्यांवरून, बोलीवरून, अंगाच्या वासावरून खोटा ठरवला तर तुम्ही त्याच्या जाणता असण्याचाच अपमान करता. हे सांगताना माझा आवाज चढला. बाईनं ज्या वासावरून नवऱ्याला ओळखलं, त्याच वासावरून गार्डनं त्याला अडवलं, असं काहीतरी बोलले मी आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मुलांना वाटलं मॅडमना पुस्तकातल्या अन्यायाचा राग आला.

तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी तोंड उघडत नाही, म्हणाली, "मॅडम, त्या दोरीवाल्याले इचारलं का कोणी?"

"काय विचारायचं?"

"तो तर तिथीच होता ना. त्याले मालूम असंल."

मी म्हटलं, आपला प्रश्न बाईला काय माहीत होतं हा आहे, त्या माणसाला काय माहीत होतं हा नाही. मुलगी खाली बसली. घंटा झाली.

शिवरात्रीला बाबा म्हणाले, मार्कंड्याच्या जत्रेला चल, तिच्या नावानं बुडी मारतो. जत्रेत चालायला जागा नव्हती. देवळात दर्शन घेऊन, पाळण्यांच्या आणि भोंग्यांच्या कोलाहलातून आम्ही नदीच्या पात्रात उतरलो. वाळू पायाला पोळत होती. बाबांनी वैनगंगेत बुडी मारली, ओंजळ भरून पाणी सोडलं आणि ओल्या धोतरानं काठाकाठानं चालू लागले. पलीकडच्या गावांची माणसं डोंग्यातून उतरत होती. एका डोंग्याशी बाबा थबकले. नाक वर उचलून उभे राहिले. त्यांना तसं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"येनाची साल," ते म्हणाले. "कोण करते आता हे?"

ऐनाला आमच्याकडे येन म्हणतात. बाबा वाकून डोंगा बांधलेली दोरी बोटांत धरून पाहत होते, पीळ मोजत होते. डोंग्याचा माणूस खूश झाला. "मीच वळतो भाऊ. नायलॉनचा भरवसा नाई." दोघं सालीबद्दल बोलायला लागले, कोणत्या महिन्यात काढायची, किती उकळायची. मी त्या माणसाकडे पाहिलं. तोच होता, वॉर्डातला दोरीवाला.

मी बाबांचा हात ओढला. म्हटलं, चला, बस चुकेल. तोवर त्यानंही माझ्याकडे पाहिलं होतं. "बाई, तुमी त्या दवाखान्यातल्या ना?" आणि माझ्या उत्तराची वाटही न बघता बाबांकडे वळला. "आन् हे तुमचे बाबा! मंग भाऊ, तुमचीच बायको होती ती. मी लय दिवस मनात ठेवून होतो. कुठी शोधावं तुमाले?"

मला त्याचं तोंड धरावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण तो भला माणूस बोलत गेला. ही बाई बाहेर गेली तशी तुमच्या बायकोनं हात बाहेर काढला. हवेत चाचपून राह्यली होती. कोणी नाई. तिनं मलेच म्हटलं, आले का? मी काय म्हणू? तिले मीच तुमी वाटलो, मले समजलं ते. येनाच्या वासानं. माही बायको बी तशीच ओळखते. मी दोरी खाली टाकली आन् तिचा हात धरला. चुकलं असंल तर माफ करा भाऊ. तिनं इचारलं, जेवले का? मी म्हटलं, जेवलो. मंग ती काई बोलली नाई. हात मी सोडला नाई, नर्स आली तवा सोडला.

बाबा दोरी धरून तसेच उभे होते. जत्रेतला एक भोंगा कुणाच्या तरी हरवलेल्या पोराचं वर्णन सांगत होता. माझ्या डोळ्यांसमोर ती पाठ आली, पडद्याकडे पाठ करून उभा असलेला माणूस. मला तेव्हा वाटलं होतं, परक्याच्या मरणाकडे बघायला नको म्हणून वळलाय. तो रडत असणार. आणि आई एकटी गेली, हे मी इतके महिने उराशी धरलं होतं, पूर्ण खात्रीनं, तेही खोटं होतं.

बाबा मला म्हणाले, "म्हणजे तिले मालूम नव्हतं."

आता उत्तर द्यावंच लागलं. "नाही बाबा."

त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा असा झाला की माझ्यानं पाहवेना. आई चुकली होती, गाव चुकलं होतं, आणि ज्यावर त्यांनी हे सगळे महिने काढले होते ते काठाच्या वाळूत एका परक्या माणसाच्या भल्या शब्दांनी विरघळून गेलं होतं. मला वाटलं आता ते खाली बसतील. ते बसले नाहीत. त्या माणसाच्या अगदी जवळ गेले आणि हळू आवाजात, लाजत विचारल्यासारखं त्यांनी विचारलं,

"हात कसा होता तिचा? गरम होता का?"

"गरम होता भाऊ," तो म्हणाला. "माह्यापेक्षा गरम."

"मी आलो तवा थंडा झाला होता."

"माह्याजवळ होता तवर गरम होता."

बाबांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. काढ्यानं तांबूस झालेला, घट्टे पडलेला हात, अगदी त्यांच्याच हातासारखा. तो धरून ते बराच वेळ उभे राहिले आणि पलीकडे जाणारी माणसं डोंग्यात बसून खोळंबली तरी कुणी कुरकुर केली नाही. मी थोडी दूर जाऊन वाळूत बसले आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

वर्गातली ती मुलगी मला आठवली. मी तिला खाली बसवलं होतं. आमचा सगळा वाद आईला काय माहीत होतं याचा होता, आणि बाबांना काय माहीत करून घ्यायचंय हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. पाटी बरोबर आहे का, ते मी चढताना कंडक्टरला विचारून घेतलं होतं. "तिले मालूम होतं ना?" हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही, आणि त्यानंतर आजपर्यंत विचारलेला नाही. मला त्याचं बरं वाटावं की वाईट, ते ठरत नाही.

घरी पोचलो तर काकू कुंपणाशी उभ्या होत्या. झालं का दर्शन, म्हणाल्या. बाबांनी ओलं धोतर दोरीवर टाकलं, त्याचे कोपरे नीट ओढले आणि काकूंकडे न बघताच त्यांना सांगितलं,

"हात गरम होता तिचा."